पाच डॉलरचा दंड आणि एक ग्रीन कार्ड

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मुलाला किंवा मुलीला भेटायला अ‍ॅन आर्बरला जायचा बेत असेल, तर एक गोष्ट आधी ठाऊक असू द्या. मिशिगन विद्यापीठाच्या मधल्या चौकात, ज्याला तिथे सगळे ‘डायग’ म्हणतात, त्या दिवशी ‘हॅश बॅश’ नावाचा मेळावा भरतो. भाषणं होतात, गाणी होतात आणि धूरही भरपूर होतो. हा मेळावा पहिल्यांदा भरला १ एप्रिल १९७२ रोजी. तुम्ही नाक मुरडाल याची मला कल्पना आहे. पण त्या चौकाला आणि त्या गावाला अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात एक जागा आहे, आणि त्या इतिहासाचं शेपूट थेट तुमच्याआमच्या कपाटातल्या इमिग्रेशनच्या फायलीपर्यंत येऊन पोचतं. म्हणून हा लेख.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या रांगेत, हल्ली हा विषय निघतोच. कुणाच्या गावात नवं दुकान उघडलेलं असतं, कुणाच्या कॉलेजातल्या लेकीने वसतिगृहातली गोष्ट सहज सांगितलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, “आता काय, लीगल आहे!” लीगल आहे हे खरं. पण ते कुणी ठरवलं, कुठपर्यंत ठरवलं आणि कुणासाठी ठरवलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं गेल्या पन्नासेक वर्षांच्या घडामोडींत विखुरलेली आहेत. मी वकील नाही. पुढे जे लिहिलं आहे तो सल्ला नाही, इतिहास आहे. सल्ला वकिलाकडूनच घ्या.

सुरुवात थोडी मागून करू. १९३७ साली फेडरल सरकारने गांजावर पहिला मोठा कायदा केला, तो नावापुरता कराचा कायदा होता. कर भरून सरकारी तिकीट घ्यायचं. ते नसलं तर गुन्हा. आणि ते मागायला जावं तर आपल्याकडे माल आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागायचं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने टिमथी लिअरी यांच्या खटल्यात नेमक्या याच मुद्द्यावर त्या कायद्याचा कणा मोडला. त्या कायद्याच्या नावात ‘मॅरिवाना’ हा मेक्सिकोकडून आलेला स्पॅनिश शब्द होता. शेतकऱ्यांना ‘हेम्प’ ठाऊक होतं, डॉक्टरांना ‘कॅनाबिस’ ठाऊक होतं. हे म्हणजे आपल्याच औषधाच्या बाटलीबद्दल चाललं आहे, हे वैद्यकीय मंडळींच्या उशिरा लक्षात आलं, अशी तक्रार अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे प्रतिनिधी डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी काँग्रेससमोर केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या घराकडचं आहे. याच्या चाळीसहून अधिक वर्षं आधी, १८९३-९४ साली, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्याने हजारावर साक्षी नोंदवल्या, जाडजूड खंड छापले आणि सांगितलं, की माफक सेवनाने सहसा फारसं बिघडत नाही, तेव्हा सरसकट बंदी नको. कर आणि नियंत्रण पुरे. आपल्या बैराग्यांच्या चिलमींचा हा हिशेब अमेरिकेतल्या सुधारणावाल्यांनी पुढे वारंवार पुराव्यादाखल मांडला. १९३७ साली मात्र वॉशिंग्टनमध्ये त्याची आठवण ठेवून कायदा करण्याची कुणाला गरज वाटली नाही.

१९५६ साली फेडरल कायदा आणखी कडक झाला. नुसता गांजा बाळगल्याच्या पहिल्या गुन्ह्याला किमान दोन वर्षं तुरुंग. राज्यांचे कायदे काही ठिकाणी त्याहून भयंकर होते. टेक्ससमध्ये १९७३ पर्यंत कितीही थोडा गांजा सापडला, तरी शिक्षा दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत काहीही होऊ शकत असे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. जोवर पकडली जाणारी पोरं मेक्सिकन किंवा काळी होती, तोवर याची फारशी वाच्यता झाली नाही. साठच्या दशकात प्राध्यापकांची, डॉक्टरांची, सिनेटरांची मुलं पकडली जाऊ लागली आणि मग कायदा फार कडक आहे असं सगळ्यांना वाटू लागलं. हे कडवट वाटेल, पण तारखा पाहिल्या तर दुसरं काही म्हणता येत नाही.

आता अ‍ॅन आर्बर.

जॉन सिंक्लेअर नावाचा एक कवी तिथे होता. राजकारणाने डावा, दाढीवाला, पोलिसांच्या डोळ्यांत खुपणारा. त्याने गांजाच्या दोन विड्या एका व्यक्तीला दिल्या. ती साध्या वेशातली पोलीस निघाली. जुलै १९६९ मध्ये न्यायालयाने त्याला साडेनऊ ते दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. दोन विड्यांना दहा वर्षं. १० डिसेंबर १९७१ रोजी विद्यापीठाच्या क्रिस्लर अरीनात त्याच्या सुटकेसाठी मोठी सभा झाली. पंधरा हजारांच्या आसपास लोक जमले. जॉन लेनन आणि योको ओनो आले, स्टीव्ही वंडर आला. त्याच सुमारास मिशिगनच्या विधिमंडळाने गांजा बाळगण्याची शिक्षा बरीच खाली आणणारा कायदा मंजूर केला होता. सभेनंतर तिसऱ्या दिवशी सिंक्लेअर तुरुंगाबाहेर होता. सभेमुळे तो सुटला असं गाण्यांच्या दुनियेत सांगतात. मला विचाराल तर विधिमंडळातल्या त्या मतदानाचा वाटा जास्त होता. पण मतदानावर कुणी गाणी रचत नाही.

मार्च १९७२ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुना कायदाच घटनाबाह्य ठरवला. नवा कायदा १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. मधले तीन आठवडे मिशिगन राज्यात गांजाविरुद्ध कायदाच नव्हता! तो नवा कायदा ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी निषेध म्हणून लोक डायगवर जमले, तोच पहिला हॅश बॅश.

आणि त्याच एप्रिलमध्ये नगरपरिषदेच्या निवडणुकीत ‘ह्यूमन राइट्स पार्टी’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या छोट्याशा पक्षाला दोन जागा मिळाल्या. अठरा वर्षांच्या मुलांना नुकताच मताचा अधिकार मिळाला होता, त्याचा हा परिणाम. डेमोक्रॅट आणि हे दोघे यांनी मिळून मे महिन्यात शहराचा नियम केला: गांजा बाळगला तर पाच डॉलर दंड. वाहन चुकीच्या जागी उभं केल्याच्या पावतीसारखा. ना तुरुंग, ना खटल्याची धास्ती.

तुम्ही म्हणाल, राज्याचा कायदा असताना गाव असा नियम करू कसं शकतं? इथेच गंमत आहे. गाव राज्याचा कायदा रद्द करू शकत नाही. पण पकडणारे पोलीस गावाचे असतात, त्यांचा पगार गाव देतं, आणि कुठल्या कलमाखाली पावती फाडायची हे त्यांच्या हातात असतं. अ‍ॅन आर्बरने कायदा बदलला नाही, कायद्याचा हात बदलला. वर्षभराने रिपब्लिकनांचं बहुमत आलं आणि परिषदेने तो नियम रद्द केला. तेव्हा त्याच्या समर्थकांनी शहाणपणा केला. एप्रिल १९७४ मध्ये त्यांनी तो मतदारांसमोर ठेवला आणि परिषदेच्या साध्या ठरावात नाही, तर शहराच्या सनदेत घालून घेतला. सनदेतलं कलम नीट वाचण्यासारखं आहे. शहराच्या कुठल्याही पोलिसाने गांजाची तक्रार शहराच्या वकिलाखेरीज दुसऱ्या कुणाकडे न्यायची नाही, आणि शहराच्या वकिलाने ती पुढे राज्याच्या यंत्रणेकडे पाठवायची नाही. दोन वाक्यांत त्यांनी दोन्ही दारं लावून घेतली. तिथून पुढे हा नियम परिषदेला हलवता आला नाही. १९९० साली मतदारांनीच पहिला दंड पंचवीस डॉलर केला.

पण विद्यापीठाची जमीन शहराच्या नियमात येत नव्हती. त्यामुळे डायगवर पकडलेल्याला राज्याचा कायदा लागायचा, आणि समोरचा रस्ता ओलांडून स्टेट स्ट्रीटच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा असलेल्याला पाच डॉलरची पावती. एकच गाव, एकच खिसा, दोन कायदे. ही रेघ लक्षात ठेवा. पुढे ती बरीच मोठी होणार आहे.

सिंक्लेअरच्या सभेला आलेला लेनन स्वतः त्या वेळी व्हिसावर होता. १९६८ साली लंडनमध्ये त्याच्या घरी कॅनाबिसचा राळेसारखा अर्क, म्हणजे आपण ज्याला चरस म्हणू तो, सापडला होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि १५० पौंड दंड भरून मोकळा झाला. निदान मोकळा झालो असं त्याला वाटलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी निक्सन सरकारला कळवलं, की हा माणूस निवडणुकीच्या वर्षात तरुणांच्या सभा घेत फिरणार आहे. व्हिसा संपवला तर प्रश्न मिटेल. मार्चमध्ये त्याच्याविरुद्ध हद्दपारीची कारवाई सुरू झाली. कारण काय दाखवायचं? लंडनचा तो जुना दंड. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात गांजाचा गुन्हा सिद्ध झालेल्याला इथे कायमचं राहू देण्याची सोयच नव्हती.

म्हणजे पाहा, मे १९७२ मध्ये अ‍ॅन आर्बर पाच डॉलरवर आलं, आणि त्याच वसंतात, त्याच गुन्ह्यासाठी, अ‍ॅन आर्बरला येऊन गाणाऱ्या माणसाला देशातून काढायची तयारी चालली होती. १९७३ साली त्याला साठ दिवसांत देश सोडायचा आदेश निघाला. त्याचे वकील लिऑन वाइल्ड्स लढत राहिले. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने निकाल दिला, आणि तो फार बारीक मुद्द्यावर दिला: लेननला ज्या ब्रिटिश कायद्याखाली दोषी धरलं, त्यात आरोपीला आपल्याकडे काय आहे हे माहीत होतं का, हे सिद्ध करावंच लागत नव्हतं. जाणीव नसताना झालेला गुन्हा अमेरिकेच्या कायद्यातल्या ‘बेकायदा बाळगण्या’त बसत नाही. २७ जुलै १९७६ रोजी लेननला ग्रीन कार्ड मिळालं. जगातला सर्वांत प्रसिद्ध गायक, हाताशी निष्णात वकील, आणि तरीही चार वर्षांहून अधिक काळ गेला. गांजा वाईट नाही असं त्या न्यायालयाने कुठेही म्हटलं नाही. त्याला सोडवलं ते लंडनच्या कायद्यातल्या एका त्रुटीने.

इकडे सुधारणेची लाट मोठी होत होती. मार्च १९७२ मध्ये निक्सन यांनीच नेमलेल्या आयोगाने, पेन्सिल्व्हेनियाचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर रेमंड शेफर यांच्या अध्यक्षतेखाली, शिफारस केली की घरात, स्वतःपुरता गांजा बाळगणं हा गुन्हा मानू नये. निक्सन यांनी ती बाजूला सारली. राज्यांनी मात्र उचलली. १९७३ मध्ये ऑरेगन पहिलं. एक औंसापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमपर्यंत, फार तर शंभर डॉलर दंड. तिथल्या विधिमंडळात या बाजूने गाजलेलं भाषण कुणा लांब केसांच्या तरुणाने केलं नाही, पूर्व ऑरेगनमधल्या स्टॅफर्ड हॅन्सेल नावाच्या रिपब्लिकन डुक्करपालक शेतकऱ्याने केलं. सोनारानेच कान टोचले म्हणा ना. अलास्कात आयर्विन रॅव्हिन या वकिलाने खिशात गांजा ठेवून मुद्दाम अटक करून घेतली, आणि १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून घरातल्या खाजगीपणाचा हक्क मिळवला. कॅलिफोर्नियात जॉर्ज मॉस्कोनी यांचा कायदा १ जानेवारी १९७६ पासून लागू झाला. १९७८ पर्यंत अकरा राज्यं झाली होती, त्यांत मिसिसिपीसारखं कर्मठ राज्यही होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये खुद्द अध्यक्ष कार्टर यांनी काँग्रेसला सांगितलं, की एक औंसापर्यंतची फेडरल शिक्षा काढून टाका. काँग्रेसने काढली नाही. मग रेगन आले, वारं फिरलं, आणि पुढची बरीच वर्षं कुणी तो विषयच काढला नाही.

या अकरांपैकी न्यूयॉर्कची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण कायदा सुधारला म्हणजे वागणूक सुधारली असं समजणाऱ्यांसाठी ती धडाच आहे. १९७७ च्या कायद्याने तिथे पंचवीस ग्रॅमपर्यंत पहिल्या वेळी फक्त शंभर डॉलर दंड ठेवला. पण एक अट घातली: गांजा उघड्यावर, लोकांना दिसेल असा नको. तसा असेल तर मात्र गुन्हा, अटक, बोटांचे ठसे. कारण समजण्यासारखं होतं. रस्त्यावर ओढत बसू नये. सुरुवातीला या कलमाखाली अटका थोड्याच होत. १९९० च्या सुमारास शहरात गांजा बाळगल्याबद्दल वर्षाला हजाराच्या आतबाहेर. मग पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा सपाटा लावला. थांबवायचं, “खिसे रिकामे कर” म्हणायचं. पोरगा घाबरून खिशातली पुडी हातावर काढायचा. काढली की ती “उघड्यावर” आली! आणि बेड्या. २०११ साली एका न्यूयॉर्क शहरात अशा सुमारे पन्नास हजार अटका झाल्या, आणि पकडलेल्यांत दहापैकी आठहून अधिक काळे किंवा लॅटिनो होते. ज्या शहरात गांजा चौतीस वर्षांपूर्वीच गुन्हा राहिला नव्हता, तिथे ही परिस्थिती. त्या सप्टेंबरात पोलीस आयुक्त रेमंड केली यांना लेखी हुकूम काढावा लागला, की पोलिसांच्या सांगण्यावरून बाहेर काढलेली वस्तू “उघड्यावर” धरू नये. त्यानंतरही हे थांबायला वर्षं लागली. २०१९ मध्ये ते कलम बदललं आणि ३१ मार्च २०२१ रोजी न्यूयॉर्कने गांजा प्रौढांसाठी कायदेशीर केला.

दुसरी लाट पुन्हा गावांतूनच उठली. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सचे रुग्ण मरत होते, त्यांची भूक आणि मळमळ गांजाने सावरत होती, आणि १९९१ साली शहराने जवळजवळ ऐंशी टक्के मतांनी औषधी वापराच्या बाजूने कौल दिला. पाच वर्षांनी सगळ्या कॅलिफोर्नियाने दिला. सिअ‍ॅटलने २००३ मध्ये आपल्या पोलिसांना सांगितलं, की प्रौढांचा गांजा हे तुमचं सगळ्यांत शेवटचं काम समजा. डेन्व्हरने २००५ मध्ये त्याही पुढे जाऊन शहरापुरता तो कायदेशीर केला, पण अ‍ॅन आर्बरसारखी दारं लावून घेतली नव्हती. डेन्व्हरचे पोलीस सरळ राज्याच्या कायद्याखाली पावत्या फाडत राहिले. मतदारांनी दिलेला कौल कागदावर राहिला. त्या फसण्यातूनच कोलोरॅडोतल्या कार्यकर्त्यांनी राज्याची घटना बदलायचं मनावर घेतलं, आणि ६ नोव्हेंबर २०१२ रोजी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन ही दोन राज्यं पहिली ठरली. २०२३ च्या नोव्हेंबरात ओहायो चोविसावं. मिशिगनने २०१८ मध्ये केलं होतं. १ डिसेंबर २०१९ रोजी अ‍ॅन आर्बरमध्ये दुकानं उघडली, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जॉन सिंक्लेअर होता.

गाव झालं, राज्य झालं. वॉशिंग्टन मात्र जागचं हललं नाही. १९७० च्या फेडरल कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंक्तीत, पहिल्या वर्गात बसवला. २००५ साली एंजल रेच या कॅलिफोर्नियातल्या आजारी बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की राज्याने परवानगी दिलेली असो, घरात स्वतःच्या औषधासाठी वाढवलेलं रोप असो, फेडरल कायदा त्याला लागतोच. राजधानीतली कथा तर मासलेवाईक आहे. १९९८ साली डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या नागरिकांनी औषधी गांजावर मतदान केलं. काँग्रेसने त्या प्रस्तावावर पैसा खर्चायला बंदी घातल्यामुळे निकालच जाहीर होईना. न्यायालयात जाऊन पुढच्या सप्टेंबरात तो उघडला, तर ६९ टक्के लोक बाजूने! आज तिथे प्रौढाला दोन औंस बाळगता येतात. पण चेरी ब्लॉसम पाहायला टायडल बेसिनला गेलात, तर ती जमीन फेडरल सरकारची. शहराच्या फुटपाथवरून उतरून तिथे पाय ठेवला की खिशातली तीच पुडी गुन्हा. अ‍ॅन आर्बरच्या स्टेट स्ट्रीटवरची रेघ ती हीच.

आणि जे अजून नागरिक झालेले नाहीत, त्यांच्याबरोबर ही रेघ सगळीकडे चालते. एच-१बी वर असलेला इंजिनिअर, एफ-१ वर आलेली भाची, ग्रीन कार्ड मिळालेले पण शपथ न घेतलेले काकाकाकू. हे लोक जमिनीने कोलोरॅडोत असतात, कायद्याने मात्र वॉशिंग्टनमध्ये. इमिग्रेशनचा कायदा राज्याला विचारत नाही. तो फेडरल यादी पाहतो. त्यात प्रवेश नाकारायला शिक्षाच झालेली असावी लागते असं नाही. अधिकाऱ्यासमोर गुन्ह्याचे सगळे घटक मान्य करणारी कबुलीही पुरते. राज्याने पुढे नोंद पुसली, तरी १९९६ पासूनच्या व्याख्येप्रमाणे इमिग्रेशनच्या दृष्टीने ती सहसा पुसली जात नाही. ग्रीन कार्डधारकाला एक सवलत आहे: स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच गुन्ह्यावरून त्याला हद्दपार करता येत नाही. पण हीच व्यक्ती दिवाळीला पुण्याला जाऊन परत आली, की विमानतळावर ती नव्याने प्रवेश मागणारी धरली जाऊ शकते, आणि प्रवेशाच्या कलमात ती सवलत आपोआप मिळत नाही. वेगळी माफी मागावी लागते. म्हणजे घरी बसला तर सुरक्षित, आईला भेटायला गेला तर अडकला.

एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित वर्तन, त्या धंद्यातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याच्या आड येऊ शकतं. ही बातमी आपल्याकडे पुरेशी पोचली नाही असं मला वाटतं, कारण अजूनही दुकानाच्या परवान्यासमोर उभं राहून काढलेले फोटो मी पाहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी गांजा बाळगण्याच्या फेडरल गुन्ह्यांना सरसकट माफी दिली, तेव्हा आपल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आनंद झाला. ती माफी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना होती. व्हिसावरच्या माणसाचा तीत उल्लेख नव्हता. गांजा पहिल्या वर्गातून तिसऱ्यात नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये पुढे आला, त्याबद्दलही असंच. तिसऱ्या वर्गात गेला तरी तो यादीतच राहतो, आणि इमिग्रेशनचा कायदा वर्ग पाहत नाही, यादी पाहतो.

राज्यांच्या हातात काय उरतं? काही राज्यं त्या फेडरल व्याख्येला वळसा घालायचा प्रयत्न करत आहेत. नोंद नुसती पुसून भागत नाही हे कळल्यावर कॅलिफोर्नियाने २०१६ पासून एक वेगळी वाट काढली. “उपचार पूर्ण करा, खटला निकालात निघेल, तुमचं काही नुकसान होणार नाही” असं सांगून पूर्वी ज्यांच्याकडून अंमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यांत कबुली घेतली, त्यांना राज्यानेच चुकीची माहिती दिली, असं विधिमंडळाने कायद्यात लिहून टाकलं. चुकीच्या माहितीवर दिलेली कबुली मागे घेता येते. न्यूयॉर्कनेही आपल्या कायद्यात तरतूद केली, की गांजाच्या जुन्या किरकोळ गुन्ह्याची कबुली आरोपीने परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून दिलेली नव्हती असं गृहीत धरावं, आणि त्या परिणामांत इमिग्रेशनचे परिणाम नावानिशी घातले. लेननला १९७५ साली ज्या मुद्द्याने तारलं, तो जाणिवेचा मुद्दा इथे पुन्हा येतो, फक्त या वेळी तो राज्यांनी स्वतःहून कायद्यात बसवला आहे. त्यासाठी अर्ज मात्र ज्याचा त्याने, जिथे खटला झाला त्याच न्यायालयात करायचा असतो, आणि तोही पुण्याचं तिकीट काढायच्या आधी.